भरतीचा अर्थ

शामलाबाई जिंतूरकरांना अरबी येत होतं, पण ते फक्त आडव्या पडलेल्या माणसाशी बोलण्यापुरतं. डोळे मिट, डोळे उघड, मोठा श्वास घे, हलू नकोस, झोप. एवढ्या चार-पाच आज्ञांवर त्यांनी कुवेतमधली पहिली काही वर्षं काढली. दुकानात टोमॅटो घ्यायचे तर त्या बोटाने दाखवत. झोप याला अरबीत 'नाम' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या कुवेती बाईंना 'नाम, नाम' सांगताना त्यांना हसू आवरेना. घरी आल्यावर हरीशरावांना म्हणाल्या, "अहो, मी दिवसभर लोकांना नाम घ्यायला सांगते आणि ते घोरायला लागतात."

"आपल्याकडं कीर्तनात दुसरं काय होतं?" हरीशराव म्हणाले.

बाई मूळच्या परभणीच्या. मेंदूचा आलेख काढण्याचं काम त्या पुण्यात शिकल्या आणि सत्त्याहत्तर साली कुवेतच्या एका सरकारी इस्पितळात टेक्निशियन म्हणून लागल्या. हरीशराव मागून आले. त्यांना एका गोदामात कारकुनी मिळाली. रिग्गईत दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. मूलबाळ नव्हतं. त्याविषयी बाई बोलत नसत, आणि त्यांचा चेहरा असा होता की विचारणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारवत नसे.

त्यांची खोली थंड आणि अर्धवट अंधाराची. माणसाला पलंगावर निजवायचं, डोक्याला फीत लावून मोजायचं, केसांत भांग पाडून पेन्सिलीने खुणा करायच्या, तिथली कातडी पुसून चिकट मलमाने तारा बसवायच्या. मग यंत्र सुरू केलं की पेना कागदावर खरखरत चालायच्या आणि घड्यांचा लांबलचक कागद खाली टोपलीत पडत राहायचा. तेल चोपडलेलं डोकं आलं की तारा निसटायच्या. आपल्याकडच्या बायका हमखास तेल लावून यायच्या, कारण इस्पितळात जायचं म्हणजे नीट विंचरून जायला हवं. बाई रागवत नसत. गरम पाणी आणून स्वतः केस धुवून द्यायच्या. त्यांचा हात हलका होता. त्यांच्या पलंगावर मुलंसुद्धा क्वचितच रडत.

इस्पितळातले मेंदूचे डॉक्टर यूसुफ. ते इजिप्तचे, अलेक्झांड्रियाचे, विलायतेत शिकून आलेले. दर सोमवारी दुपारी ते वर्ग घेत. इस्पितळातल्या नर्सा, टेक्निशियन, बाहेरच्या लहान दवाखान्यांतले डॉक्टर, सगळ्यांना यावं लागे. "आपलं शिकून झालं असं ज्याला वाटत असेल," ते म्हणायचे, "त्याने माझ्या रुग्णाला हात लावू नये." टेबलांवर आलेखाचे कागद पसरलेले असायचे आणि डॉक्टर त्यांच्या कडेकडेने चालत शिकवायचे. एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. झटका येतो मिनिटभर, आणि आपल्या हाती लागतो वीस मिनिटांचा कागद. त्या वीस मिनिटांत मेंदू शहाण्यासारखा वागला तर कागद कोरा. म्हणून माणूस काय सांगतो ते ऐका.

बाई दुसऱ्या रांगेत बसत. त्यांना सगळं समजत असे, पण विचारायचं म्हटलं की इंग्रजी घशात अडकायचं.

महबूब त्यांच्याकडे पहिल्यांदा आला तो त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये. बाहेर धुळीचं वादळ होतं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. तो मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीजवळ एका ठेकेदाराच्या कॅम्पात आचारी होता. चाळिशीचा, उंच, जरा पोक काढून चालणारा. अधूनमधून त्याचं भान जातं म्हणून कॅम्पच्या दवाखान्याने पाठवला होता. चिठ्ठीवर नाव होतं महबूब हसन. घरचं आडनाव परकार, ऐकताच कोकणातलं कळावं असं. पण पासपोर्ट करताना ते कुठेतरी गळून पडलं होतं. ते असतं तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं.

बाईंनी नाव वाचलं आणि हिंदीत सुरुवात केली. परभणीला त्यांच्या गल्लीतले सगळे मुसलमान शेजारी हिंदी-उर्दू बोलत. महबूब नावाच्या माणसाशी मराठीत बोलायचं हे त्यांच्या जिभेला माहीतच नव्हतं. महबूब होता बाणकोटच्या खाडीकाठचा. त्याच्या गावात हिंदी ऐकू यायची ती सिनेमाच्या गाण्यांत. पण त्याने पाहिलं, समोर पांढरा कोट, अंबाडा, बिल्ल्यावर इंग्रजीत लांबलचक नाव. मद्रासी असतील, असं त्याने धरलं. झालं. दोन मराठी माणसं एकमेकांशी मोडक्या हिंदीत बोलू लागली.

"क्या होता है आपको?"

"सिस्टर, मेरे को भरती आता है. पेट में से भरती आता है. फिर मैं गया."

"कहाँ गये?"

"किधर नय. उधरच. पन गया."

डॉक्टर यूसुफ दारात उभे होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतोय?"

आता, परभणीकडे माणूस दवाखान्यात 'शरीक' होतो. 'भरती' होतो हे बाईंना इथल्या उत्तर हिंदुस्थानी नर्सांकडून कळलेलं. त्या नर्सा दिवसातून दहादा म्हणायच्या, ये पेशंट भरती होगा, वो भरती नहीं होगा. चांगला हिंदी शब्द कळला याचा बाईंना थोडा अभिमानही होता. त्या म्हणाल्या, "पोटाची तक्रार आहे, डॉक्टर. आणि त्याला ऍडमिट व्हायचंय."

डॉक्टर थकल्यासारखं हसले. "कॅम्पातल्या प्रत्येकालाच व्हायचं असतं. इथे निदान गारवा तरी असतो."

बाईंनी आलेख काढला. माणूस जागा होता, शांत होता, पेना सरळ चालल्या. कागदात काहीही नव्हतं. डॉक्टरांनी कॅम्पच्या चिठ्ठीचं उत्तर सांगितलं: आलेख ठीक, पोट तपासावं, रुग्ण ऍडमिट करून घ्या म्हणतो. तारा काढून झाल्यावर महबूबने विचारलं, "दवा नय?"

"पेट का डॉक्टर देगा."

त्याने मान हलवली. चुकीच्या खिडकीवर रांग लावलेला माणूस खिडकी बंद झाल्यावर हलवतो तशी. आणि गेला.

वर्ष होत आलं. जानेवारीतल्या एका सोमवारी डॉक्टर यूसुफ झटक्याच्या आधीच्या क्षणाबद्दल बोलत होते. काही रुग्णांना झटका येण्याआधी एक खूण मिळते, आणि ती बहुधा पोटातून वर चढते. प्रत्येकजण ती आपापल्या शब्दांत सांगतो. विलायतेतले लोक पोटात फुलपाखरं उडतात म्हणतात. इथली एक बाई म्हणाली होती की छातीत कबुतर पंख उघडतं. "आणि माझा अलेक्झांड्रियाचा पहिला रुग्ण कोळी होता," डॉक्टर म्हणाले. "तो एकच शब्द बोलायचा. मद्द."

काही जण हसले. बाईंना शब्द कळला नाही. शेजारी सुरैया बसली होती. ती हैदराबादची नर्स, तिला अरबी चांगलं यायचं. बाईंनी तिला कोपराने ढोसलं. "मद्द म्हणजे?"

"अरे, समंदर का पानी चढ़ता नै बाई, वो," सुरैया कुजबुजली. "तुम्हारे में क्या बोलते उसको?"

बाई उत्तर देणार होत्या. तोंड उघडलंही होतं. मग ते तसंच राहिलं.

"क्या हुआ बाई? पानी लाऊं?" सुरैयाने विचारलं.

भरती-ओहोटीवर त्यांनी सातवीत टीप लिहिली होती, आकृतीसकट. शब्द माहीत नव्हता असं नव्हे. तो दुसऱ्या भाषेच्या दारातून आत आला आणि त्यांनी त्याला ओळखला नाही, एवढंच. पुढे डॉक्टर काय शिकवत होते ते त्यांच्या कानावर पडलं नाही. एवढंच डोळ्यांपुढे येत होतं की तो माणूस आचारी आहे, आणि दिवसभर उकळत्या तेलापुढे उभा असतो.

रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर त्याच्या नावापुढे एका मावसभावाच्या दुकानाचा फोन होता. दुकान अबू हलीफाला, समुद्राजवळ. शुक्रवारी बाई आणि हरीशराव तिकडे गेले.

मावसभाऊ अब्बास गोलमटोल, बोलका. कुवेतच्या भाषेत बकाला म्हणतात तसलं त्याचं किराणा दुकान, दारात कांद्याच्या गोणी. बाईंनी फोनवर मराठीत नाव सांगितल्यापासून तो चकित झालेला होता. "या, या. महबूब मागं हाय. शुक्रवारचा इथंच असतो."

महबूब खोक्यावर बसून लसूण सोलत होता. बाईंना बघून धडपडून उठला. "सलाम, सिस्टर. मेरे रिपोर्ट में कुछ..."

"भरती म्हणजे समुद्राची भरती ना हो?" बाईंनी विचारलं.

तो बघतच राहिला. "तुमी मराठी?"

"मी परभणीची."

"मग माज्याशी हिंदी का बोललाव?"

"तुम्ही पण हिंदीच बोललात की."

अब्बास हसत सुटला. "घ्या! एक आंधळा दुसऱ्याला विचारतो, दिवा लावू काय!" मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कोणी हसत नाही. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

बाईंनी सगळं सांगितलं. आपण काय ऐकलं, डॉक्टरांना काय सांगितलं, उत्तरात काय गेलं. महबूब ऐकत होता. मधेच म्हणाला, "म्हणून!"

"काय म्हणून?"

"कॅम्पात मना भरती म्हणूनच हाक मारतात. ए भरती, चाय ला. क्या भरती, पलंग मिला क्या? मना पलंगाचा कळेच ना. मी म्हटलं, भरती येते म्हणून हसतात. पण पलंग कशाला?"

"तुम्हाला नक्की होतं काय ते सांगा ना मला," बाई म्हणाल्या. "सावकाश. आपल्या भाषेत."

आपल्या भाषेत त्याने ते इतकं नीट सांगितलं की बाईंना मान वर करवेना. बेंबीपासून थंड काहीतरी चढू लागतं. माजा बाप होडीवरचा तांडेल होता, बाई, पाणी चढताना कसं चढतं ते मना ठाव हाय. लाट येत नाय, नुसतं वाढत जातं. गळ्याशी आलं की जळक्या मासळीचा वास येतो. मग काय ते माहीत नाय. भानावर येतो तेव्हा हातात डाव असतो न लोक बघत असतात.

बोलताना त्याची बाही वर सरकली. कोपराखाली भाजल्याचा पट्टा होता, अजून ओला.

"हे कधी झालं?"

"तवा लागला."

"कधी?"

त्याने बाही खाली ओढली. "परवा, म्हणतात."

बाईंनी त्याला समजावलं. हा मेंदूचा आजार आहे, गोळ्या आहेत, गोळ्यांनी पुष्कळांचा थांबतो. पण आधी झोपेतला आलेख काढावा लागेल, आणि चुलीपासून दूर व्हावं लागेल.

"फेफरं?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

दारात एक गिऱ्हाईक आलं. अब्बासने उगाचच दुकान बंद आहे म्हणून त्याला परत पाठवलं.

"बाई," महबूब म्हणाला, "माजी बिल्कीस. ईद झाली की तिचा निकाह हाय. पोरग्याचा मामा आमच्याच कॅम्पात फोरमन. इथं मी शिंकलो तर तिथं गावात कळतं. फेफऱ्याच्या बापाची मुलगी कोण करील?"

"पण तुमचा जीव..."

"तुमी चुकून जो अर्थ लावलाव ना, तोच राहू दे. मना काम नको म्हणून भरती व्हायचं होतं. मी कामचोर. कामचोराच्या मुलीचं लग्न होतं, बाई. फेफऱ्याच्या नाय."

हरीशराव घसा खाकरून म्हणाले, "निदान चूल तरी सोडा तोवर. कणीक मळा, भाजी चिरा."

"मागून बघितलं. मुकादम म्हणतो, भरती, आता हात चालवायचापण कंटाळा आला काय?" तो बाईंकडे वळला. "ईदपर्यंत. मग तुमी म्हणाल तिथं येतो, म्हणाल ती गोळी खातो. बाई, ईदपर्यंत."

"बघते," बाई म्हणाल्या.

बघते हा फार वाईट शब्द आहे. देणारा त्यात काही देत नाही आणि घेणारा सगळं घेऊन जातो. महबूबने दोन्ही हात छातीशी नेले आणि सोललेला लसूण कागदात बांधून बाईंना दिला. परत येताना हरीशरावांनी विचारलं, "काय बघणार आहेस?" बाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "काय की."

दोन सोमवार त्या वर्गात बसून आल्या आणि डॉक्टरांना काही बोलल्या नाहीत. ईद जूनच्या अखेरीस होती. त्याआधी रमजान, ऐन उन्हाळ्यात. कॅम्पातला आचारी पहाटेच्या जेवणासाठी रात्रभर जागणार, दिवसा उपाशी राहून संध्याकाळी शेकडो माणसांसाठी तळण काढणार. जागरण आणि उपास, झटक्याला याहून मोठं आवतण नाही, हे वर्गात किती वेळा ऐकलं होतं. आणि त्याच्या कढईच्या दोन्ही बाजूंना दुसरी माणसं उभी असणार. दुसरीकडे, त्यांनी न पाहिलेली एक मुलगी.

मग एक दिवस त्यांच्या खोलीत एक बाई आली. जहरा गावाकडची, तरुण. झटक्यात ती जळत्या चुलीवर पडली होती, काही महिन्यांपूर्वी. तिने डोक्यावरचा काळा कपडा काढला. अर्ध्या डोक्यावर केस नव्हते, नुसती आवळलेली गुलाबी कातडी. शामलाबाईंनी फीत लावली, पेन्सिल घेतली, आणि त्यांना कळेना की खुणा करायच्या कुठे. एवढ्या वर्षांत त्यांना कधी डोक्यावर जागा कमी पडली नव्हती. त्या बाईने वाट पाहून विचारलं असावं, काय झालं? शामलाबाईंनी फीत पुन्हा लावली.

त्याच दुपारी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. त्या दिवशी इंग्रजी अडलं नाही.

डॉक्टर यूसुफ बराच वेळ टेबलावरची टाचणी फिरवत राहिले. "मी दुसरा प्रश्न विचारायला हवा होता," ते म्हणाले. "पोटात काय होतं, एवढाच. मी विचारला नाही."

"डॉक्टर, त्याला गोळ्या द्याल, पण कंपनीला न कळवता?"

"तो कंपनीच्या चिठ्ठीवर आलेला आहे. आणि किती जणांचं जेवण करतो म्हणालात?" ते थांबले. "चुलीजवळचं काम देऊ नका, दुसरं द्या, असं मी लिहीन. ते ऐकतील असं मात्र मी म्हणत नाही."

झोपेतल्या आलेखासाठी माणसाला आदली रात्र जागं ठेवतात, म्हणजे सकाळी पलंगावर पडल्याबरोबर त्याला झोप लागते. कॅम्पला निरोप गेला. महबूब आला तो हसत. डोळे लाल, दाढी वाढलेली, पण चेहऱ्यावर विश्वास. बाईंनी युक्ती काढली असणार, गुपचूप गोळ्या मिळणार, असं त्याने धरलं होतं. "रातभर जागलो, बाई. अब्बासनं पत्ते खेळायला बसवला. तीनदा हरलो." बाईंनी सगळ्या तारा लावून होईपर्यंत तो अब्बासच्या लबाडीच्या गोष्टी सांगत होता.

तारा लावण्याआधी सांगायला हवं होतं. ते त्यांना जमलं नव्हतं. शेवटची तार लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "महबूबभाई, मी डॉक्टरांना सगळं सांगितलंय. कंपनीलाही कळेल."

तो हलला नाही. हलू नका असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं. नुसता छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक है, सिस्टर."

हिंदीत.

बाईंनी दिवा मालवला. यंत्र सुरू झालं. "आता झोपा," त्या म्हणाल्या.

पण तो झोपला नाही. त्याला कळून चुकलं होतं की जागा राहिला तर कागद मागच्यासारखा कोरा निघेल. पेना सांगत होत्या की तो पेंगतोय, मग एकदम सांगत की तो जागा झाला. हाताची मूठ वळत होता, ओठ चावत होता. रात्रभर जागलेला माणूस, थंड खोली, अंधार, आणि तो झोपेशी झुंजत होता. पापण्या मिटायच्या, पुन्हा फाडल्यासारख्या उघडायच्या. 

"झोपा ना हो," बाई म्हणाल्या.

"नींद नहीं आता, सिस्टर."

वेळ संपत आला होता. बाहेर पुढचा रुग्ण बसलेला. बाईंचा हात यंत्र बंद करायच्या बटणावर गेला. 'रुग्ण झोपला नाही' एवढं लिहिलं तर कोणी काही विचारलं नसतं. असं कितीदा होतं. त्याला ईद मिळाली असती. मुलीला घर मिळालं असतं. बाईंनी बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून त्या बसून राहिल्या. त्यांना दाबायचं होतं की नव्हतं, हे त्यांना पुढेही कधी खात्रीने सांगता आलं नाही. त्याच वेळी त्याची मूठ उघडली. बोटं एकेक करून सुटली, तोंड जरासं वासलं, आणि तो झोपला.

थोडा वेळ पेना मऊ चालल्या. मग आवाज बदलला. डाव्या कानशिलावरच्या तारांच्या पेना कागदावर टोचल्यासारख्या उठल्या. एकदा. पुन्हा. पुन्हा. बाईंनी बघितलं नसतं तरी आवाजावरून त्यांना कळलं असतं. वर्गात दाखवायला ठेवावा असा स्वच्छ आलेख होता तो.

काम झालं तरी त्यांनी त्याला उठवलं नाही. बाहेरच्या रुग्णाला सांगितलं की यंत्रात शाई भरायची आहे. महबूब घोरत होता. किती दिवसांनी असा झोपला असेल कोण जाणे. जागा झाला तेव्हा त्याने आधी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"आया?"

बाईंनी मान हलवली.

तो उठून बसला. केसांतलं मलम बोटाने चाचपत म्हणाला, "धोने का पानी किधर है, सिस्टर?"

पाणी गरम करून बाईंनी आणलं, पण डोकं त्याने स्वतःच धुतलं.

डॉक्टर यूसुफनी म्हटल्याप्रमाणे लिहिलं. ठेकेदाराने त्यातलं पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं नाही. पंधरवड्यात महबूबचं परतीचं तिकीट आलं. निघण्याआधी तो गोळ्या न्यायला इस्पितळात आला. बाईंनी कधी, किती, चुकली तर काय, सगळं मराठीत दोनदा समजावलं. तो प्रत्येक वेळी म्हणाला, "जी, सिस्टर." रागाने नव्हे. रागावला असता तर बाईंनी ते घेतलं असतं. तो अगदी अदबीने बोलत होता, अनोळखी माणसाशी बोलतात तसं.

पुढच्या हिवाळ्यात बाई एकट्याच अबू हलीफाला गेल्या. अब्बासने स्टूल पुसून दिलं, आतून चहा मागवला.

"बरा हाय," तो म्हणाला. "गोळी चुकवत नाय. गेल्यापासून एकदापण आलं नाय. तुमचं औषध बाकी गुणी."

"आणि बिल्कीस?"

अब्बास तागडीतला डाळीचा एक एक दाणा वेचून बाजूला काढू लागला. "मोडलं. महबूब गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मामानंच धाडली. पोरगी शिवणकाम शिकते आता. विचारणा नाय कोणाची."

बाईंनी खाली पडलेला एक दाणा उचलून तागडीत टाकला.

"त्याला घरात चुलीपाशी जाऊ देत नायत," अब्बास म्हणाला. "सगळा जन्म रांधण्यात गेला. त्याची बायको, आमची रहिमाभाभी, म्हणते, भाजीला हात लावला तरी पोरं ओरडतात, बाबा, नको. मग बसून राहतो."

"माझ्याविषयी काही म्हणतो का?"

"म्हणतो ना. सिस्टरनं बरोबर केलं म्हणतो." अब्बासने मान वर केली. "आमी सगळेच म्हणतो, बाई. चुलीत पडून मेला असता, दुसऱ्याला घेऊन मेला असता. बरोबरच केलंत."

"मी त्याला एक पत्र लिहू?"

अब्बास विचारात पडला. तो भला माणूस होता आणि त्याला नाही म्हणणं जड जात होतं. "नको," तो शेवटी म्हणाला. "पत्र आलं की ते घरात कोणीतरी वाचायचं. वाचलं की परत तेच निघायचं. पोरीच्या कानावर जायचं. आता जरा निवलंय. नको, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या.

चहा आला. फार गोड होता, आणि वर दुधाची साय धरली होती. बाईंनी तो सगळा प्यायला. अर्धा ठेवून उठणं बरं दिसलं नसतं.